सिस्टर, गाडीवर यायचं म्हणताय?

प्रश्न नाशिकच्या एका सिस्टरांचा आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, पाच वर्षं खासगी रुग्णालयात काढली, त्यातली शेवटची दोन आयसीयूत. आता वॉर्डाचा वीट आलाय आणि रुग्णवाहिकेवर ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) म्हणून जावंसं वाटतंय. त्या तीन गोष्टी विचारतात. नर्सिंग झालेलं असताना ईएमटीचा वेगळा कोर्स लागेल का? हे काम नर्सपेक्षा खालचं धरतात का? आणि घरी चार वर्षांची मुलगी असताना हे जमेल का?

मीही जीएनएमच. चार वर्षं कॅज्युअल्टीत ब्रदर होतो, त्यानंतर अकरा वर्षं गाडीवर. बरीचशी सावंतवाडीहून गोव्यातल्या बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला आणि आंबोली घाट चढून कोल्हापूरला, या दोन रस्त्यांवर गेली. सध्या नवीन मुलामुलींना शिकवतो. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या नजरेतून आहे. पुण्या-मुंबईत गाडीवर काम करणाऱ्याला यातलं काही वेगळं दिसेल.

कोर्सचं उत्तर सोपं आहे, ते पुढे देतोच. पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न त्याच्याआधी येतो. वॉर्डात तुम्ही दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनमागे कुणाची तरी सही असते. केसपेपर असतो, त्यावर निदान असतं, औषध चार्ट असतो, शंका आली तर फोन उचलून आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरला) विचारता येतं. गाडीत रात्री अडीच वाजता पेशंट, तुम्ही आणि पुढे पायलट. (एकशेआठवर ड्रायव्हरला पायलटच म्हणतात, तुम्हीही म्हणा, त्याला ते आवडतं.) तिथे ऑर्डर कुणाची? नोकरी घेण्याआधी याचं उत्तर लेखी मिळायला हवं. पगारसुद्धा त्यानंतर.

महाराष्ट्रात यात एक गोम आहे, ती बाहेरच्यांना ठाऊक नसते. आपली 108 सेवा 2014 च्या जानेवारीत सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या, 233 एएलएस (प्रगत जीवरक्षक) आणि 704 बीएलएस (मूलभूत जीवरक्षक). या गाड्यांवर मुळापासून डॉक्टर ठेवले गेले, बहुतेक बीएएमएस, बीएचएमएस झालेले. म्हणजे आंध्रात 2005 साली सुरू झालेल्या 108 मध्ये, किंवा गोव्यात, जे काम ईएमटी करतो ते आपल्याकडे डॉक्टरकडे गेलं. त्या राज्यांत ईएमटी गाडीत एकटा असतो आणि कॉल सेंटरमधला डॉक्टर फोनवरून त्याला सांगतो. नर्सिंग झालेले पुष्कळ जण तिथे ईएमटी म्हणून लागतात. महाराष्ट्रात ठेके आणि पदांची रचना बदलत असते, तेव्हा जाहिरात आली की पदाचं नाव आणि पात्रतेची ओळ नीट वाचा. ‘108 वर जायचंय’ एवढं ठरवून राजीनामा देऊ नका.

मग नर्सला जागा कुठे? मोठ्या रुग्णालयांच्या स्वतःच्या कार्डिॲक रुग्णवाहिका, खासगी रुग्णवाहिका कंपन्या, कारखाने आणि रिफायनरीची ऑक्युपेशनल हेल्थ सेंटरं, मॅरेथॉनसारखे कार्यक्रम, एअर ॲम्ब्युलन्स, आणि शेजारची राज्यं. यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात पेशंट हलवणं. ‘ईएमटी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हायवेवरचा अपघात येतो. तुम्ही मात्र जास्त वेळा व्हेंटिलेटरवरचे आजोबा घेऊन घाट चढत असाल. आयसीयूची दोन वर्षं इथे सोन्यासारखी कामाला येतात, म्हणून हे तुमच्या भल्याचंच आहे.

आता कोर्स. हातातली कौशल्यं तुमच्याकडे आहेत, पण काही गोष्टी नर्सिंगमध्ये शिकवतच नाहीत. अपघातातला माणूस गाडीच्या सांगाड्यातून बाहेर कसा काढायचा, मानेची कॉलर आणि दोन भागांत उघडणारं स्कूप स्ट्रेचर कसं लावायचं, हेल्मेट दोघांनी मिळून कसं काढायचं, दहा जखमी असतील तर आधी कुणाला हात लावायचा. त्यासाठी बीएलएस (मूलभूत जीवरक्षण) आणि एसीएलएस (हृदयविकारातलं प्रगत जीवरक्षण) या दोन कोर्सची कार्डं काढा (दोन वर्षांनी नवीन करावी लागतात), आणि आयटीएलएस किंवा पीएचटीएलएस यांपैकी एक ट्रॉमाचा (अपघातातल्या जखमींचा) दोन दिवसांचा कोर्स करा. चांगली संस्था वर काही आठवड्यांचं स्वतःचं प्रशिक्षण देते. ‘तुम्ही नर्स आहात ना, उद्यापासून या’ असं कुणी म्हणालं तर मला तिथे धोका दिसतो.

कायद्याच्या बाजूने हे दोन वेगळे रस्ते आहेत, हेही लक्षात असू द्या. 2021 च्या सहायक आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा वेगळा व्यवसाय धरला आहे. नर्सिंगचा कायदा निराळा, त्याचा आयोग निराळा. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे म्हणून तुम्ही पॅरामेडिक होत नाही. आखातात जायचा विचार असेल तर तिथेही नर्स आणि पॅरामेडिकचे परवाने वेगवेगळे असतात.

आता माझ्या स्वतःच्या चुका सांगतो, त्यातून तुम्हाला जास्त कळेल.

गाडीवरच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. कसालजवळ एक दुचाकीस्वार पडला होता, पोट दगडावर आपटलेलं. माणूस शुद्धीत, बोलत होता, पण घामाने निथळत होता आणि नाडी पळत होती. कॅज्युअल्टीत चार वर्षं काढलेल्या ब्रदरने काय केलं असेल? सलाईन लावायला व्हेन शोधत बसला. रस्त्याच्या कडेला टॉर्चच्या उजेडात एक फुटली, दुसरी फुटली, तिसऱ्यात अठरा नंबरची सुई गेली आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. पायलट दोनदा म्हणाला, ‘ब्रदर, निघूया का?’ बारा मिनिटं गेली होती. त्याच्या पोटात रक्त वाहत होतं आणि ते थांबवायला सर्जन लागणार होता, सलाईन नाही. तो वाचला, पण माझ्यामुळे नाही. आता मुलांना सांगतो: ट्रॉमात दहा मिनिटांच्या आत गाडीची चाकं फिरली पाहिजेत, आयव्ही चालत्या गाडीत लावा, नाही लागली तर नाही लागली. वॉर्डातून आलेल्या माणसाला हे सगळ्यात जड जातं, कारण आयव्ही लावली की आपण काहीतरी केलं असं वाटतं.

दुसरी गोष्ट उलट बाजूची, जिथे नर्सची सवय कामाला आली. कुडाळकडे एका घरातून कॉल आला, ‘दारू पिऊन पडलाय’. गेलो तर पन्नाशीचा माणूस, असंबद्ध बडबडत होता, एक बाजू ढिली वाटत होती. घरचे म्हणत होते, रोजचंच आहे, उगाच बोलावलं शेजाऱ्यांनी. आयसीयूतली सिस्टर ज्या सवयीने ग्लुकोमीटर हातात घेते तसा मी घेतला. साखर 38. डायबेटिसची गोळी घेतली होती आणि जेवण केलं नव्हतं. कंट्रोल रूमच्या डॉक्टरांना फोन लावला: वय, काय दिसतंय, साखर किती, हातात लाईन आहे, पंचवीस टक्के डेक्स्ट्रोज शंभर एमएल देऊ का? ते म्हणाले द्या. वेळ लिहिली, दिलं. दहा मिनिटांत माणूस उठून बसला आणि आम्हालाच विचारू लागला, तुम्ही कोण. शुद्धीत गडबड असलेल्या प्रत्येकाची साखर बघायची. दारूचा वास येत असला तरी, आणि वास येत असला तर जास्तच.

या फोनकडे परत बघा. ऑर्डरचं उत्तर इथे आहे. चांगल्या सेवेकडे एक छापील प्रोटोकॉल असतो: अमुक लक्षण, अमुक आकडा, तर तुम्ही स्वतः इतपत करायचं, त्यापुढे फोन करायचा. फोनवर डॉक्टर असतो, कॉल रेकॉर्ड होतो. ही व्यवस्था असेल तर तुम्ही एकट्या नाही. ती नसेल आणि कंपनीचा मालक म्हणत असेल, ‘सिस्टर, तुम्हाला सगळं येतं, बघून घ्या’, तर त्या गाडीत दिलेल्या प्रत्येक औषधाची जबाबदारी तुमच्या एकटीच्या नोंदणीवर आहे. मुलाखतीत मी सरळ प्रोटोकॉलची वही दाखवा म्हणतो. वही नसेल तर चहा पिऊन उठतो.

अजून एक: गाडीत बसलात की नातेवाईक तुम्हाला ‘डॉक्टर’ म्हणू लागतील. दर वेळी दुरुस्त करा. ‘मी नर्स आहे, डॉक्टर फोनवर आहेत.’ सुरुवातीला मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण पेशंट वाटेत गेला की तेच लोक विचारतात, डॉक्टर असून वाचवलं का नाही? मृत्यू घोषित करणं आपल्या हातात नाही. सीपीआर चालू ठेवून रुग्णालयात न्यायचं आणि तिथला डॉक्टर काय ते सांगेल, हे नातेवाइकांच्या डोळ्यांत बघून सांगता आलं पाहिजे. चालत्या गाडीत सीपीआर नीट होत नाही, हेही आधीच ऐकून ठेवा. मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल, हे घाटात उभं राहून जमतंय असं ज्याला वाटतं त्याने कधी केलेलं नसतं. म्हणून शक्य तिथे जमिनीवर, जागेवरच नेटाने करायचा आणि मग हलवायचं.

आता ऑक्सिजन. यावर मी जरा जास्तच बोलतो, माझे विद्यार्थी हसतात त्यावर.

एका खासगी गाडीने मला एका रात्रीपुरतं बोलावलं होतं. छोट्या रुग्णालयातून व्हेंटिलेटरवरचा पेशंट कोल्हापूरला न्यायचा होता, आंबोलीमार्गे साधारण तीन तास. गाडीवर लाल अक्षरांत ‘कार्डिॲक’ लिहिलेलं. मालकाचा माणूस म्हणाला, सिलिंडर फुल आहेत. मी बघितलं तर चालू सिलिंडरच्या प्रेशरचा काटा साठ किलोवर होता, आणि दुसऱ्या सिलिंडरची चावीच गाडीत नव्हती. हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे: सिलिंडरची पाण्याची क्षमता गुणिले काट्यावरचं प्रेशर. छोटा बी टाईप दहा लिटरचा असतो. साठ किलो म्हणजे 600 लिटर ऑक्सिजन. मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर साठ मिनिटं. म्हणजे आम्ही आंबोलीच्या वळणांवर कुठेतरी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हातात घेऊन बसलो असतो, तीही नुसत्या हवेवर. भरलेला बी टाईप दीडशे किलोला 1500 लिटर देतो, तोही अडीच तासच. मोठा डी टाईप 46.7 लिटरचा, भरलेला असेल तर सुमारे 7000 लिटर.

मी निघायला नकार दिला. नातेवाईक ओरडले, मालकाचा फोन आला, ‘तुमच्यामुळे पेशंटचं काही झालं तर बघा’ असंही झालं. चाळीस मिनिटांनी दुसरा सिलिंडर आणि चावी आली, मगच निघालो. प्रवासाला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट ऑक्सिजन गाडीत हवा, हा माझा नियम. दरड, ट्रॅफिक, बंद पडलेला ट्रक, कोकणात काय नाही होत? ऑक्सिजननंतर सक्शन (घशातला स्राव ओढणारं यंत्र) चालवून बघा, व्हेंटिलेटर आणि सिरिंज पंपची बॅटरी बघा, इन्व्हर्टरवर दोन्ही एकदम चालतात का बघा, आणि अंबू बॅग कपाटात नाही, हाताशी. आयसीयूत हे बायोमेडिकलचा माणूस आणि भिंतीतली पाईपलाईन सांभाळते, म्हणून तिथल्या हुशार सिस्टरही इथे फसतात. रुग्णवाहिकांसाठी एआयएस-125 नावाचं मानक आहे, त्यात प्राथमिक मदतीच्या वाहनापासून एएलएसपर्यंत चार प्रकार ठरवले आहेत. गाडी त्यातली कोणती, हे विचारायला लाजू नका. रंगवलेल्या अक्षरांवर जाऊ नका.

जिथे तुम्ही इतरांपेक्षा फार पुढे असाल अशी एक जागा सांगतो, बाळंतपण. तुमची नोंदणी नर्स आणि मिडवाईफ अशी दोन्ही असते. गाडीवर नुसता ईएमटीचा कोर्स करून आलेली मुलं डिलिव्हरीचा कॉल आला की पांढरी पडतात. तुम्ही लेबर रूमची पोस्टिंग केली आहे. गाडी बाजूला घ्यायची, घाईने नाळ कापायची नाही, बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवायचं, ऑक्सिटोसिन दहा युनिट मांडीत, हे सगळं अंगात असतं. मी पुरुष असूनही जीएनएममधल्या त्या केसेसनी मला गाडीवर सहा वेळा तारलं. सर्पदंशातही नर्सचं लिहिण्याचं वळण उपयोगी पडतं. फुरसं, घोणस आमच्याकडे पावसाळ्यात नेहमीचं. दोरी बांधलेली असते, ती झटकन सोडायची नाही, पेशंटवर नजर ठेवून जपून. हातपाय स्थिर ठेवायचा. चावल्याची वेळ आणि सूज कुठवर आली ती रेघ पेनाने कातडीवर काढून शेजारी वेळ लिहायची. आणि निघतानाच ज्या रुग्णालयात नेतोय तिथे प्रतिविष आहे का हे फोनवर विचारायचं. तिथली सिस्टर ती रेघ बघून खूश होते.

खालचं काम का, हा तुमचा दुसरा प्रश्न. लोक धरतात, होय. माझे सासरे अजूनही ‘जावई ॲम्ब्युलन्सवर असतो’ एवढंच सांगतात, त्यात ड्रायव्हर की कोण हे मुद्दाम मोघम ठेवतात. पण लोकांच्या बोलण्यापेक्षा कागदावरचा परिणाम बघा. उदाहरणार्थ, एम्सच्या नॉरसेट या नर्सिंग भरतीच्या परीक्षेला जीएनएमवाल्यांकडून किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात. तुमची पाच वर्षं झाली आहेत, तेव्हा त्याचं प्रमाणपत्र आत्ताच, राजीनाम्याच्या दिवशीच, खाटांच्या संख्येसह घेऊन ठेवा. गाडीवरची वर्षं पुढे नर्सिंगचा अनुभव म्हणून मोजली जातील असं गृहीत धरू नका. नियुक्तिपत्रात पदाचं नाव ‘स्टाफ नर्स, रुग्णवाहिका विभाग’ असं मिळालं तर उत्तम, आणि रुग्णालयाची स्वतःची गाडी असेल तर ते मिळू शकतं. नर्सिंग कौन्सिलचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण चुकवू नका. आणि मन पूर्ण ठरत नसेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा इमर्जन्सी आणि डिझास्टर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. तो केलात तर वॉर्डाबाहेर पडता आणि नर्सिंगच्या आतच राहता. माझ्या बहिणीला मी हाच सुचवला होता. तिने ऐकलं नाही, ती आता दुबईत आयसीयूत आहे आणि मजेत आहे.

कंत्राटी नोकरीत पीएफ, ईएसआयसी आणि अपघात विमा या तिन्हींबद्दल लेखी विचारा. विमा विशेष, कारण रुग्णवाहिकेला अपघात होतात आणि मागे बसलेला माणूस बहुतेक वेळा बेल्ट न लावता उभा असतो. पाठीचंही बघा. चाळीच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही, ऐंशी किलोचा माणूस खुर्चीत किंवा चादरीत उतरवावा लागतो आणि मदतीला येणारे शेजारी अर्ध्या जिन्यात हात सोडतात. आणि घाटात उलट तोंडाने बसून बीपी घेताना मळमळतं. हे तुम्हाला होतं का हे वाचून कळणार नाही. तुमच्या सध्याच्या रुग्णालयाची गाडी असेल तर मेट्रनना सांगून चार-पाच ट्रान्सफरना एस्कॉर्ट म्हणून जा, त्यातली एक तरी रात्रीची. आवाजात स्टेथो ऐकू येत नाही, मनगटाची नाडी धरून वरचं बीपी घ्यावं लागतं, हे एका फेरीत समजतं.

आता मुलगी. माझी दोन्ही मुलं मी गाडीवर असतानाच मोठी झाली, तेव्हा एवढंच सांगू शकतो. ड्युटी बारा तासांची असते हे खरं, पण रात्री आठला संपणारी ड्युटी पावणेआठला आलेल्या कॉलने साडेअकरापर्यंत जाते, आणि ‘माझी वेळ झाली’ असं पेशंटला सांगता येत नाही. महिन्यातून असं किती वेळा होतं ते रस्त्यावर आणि रुग्णालयाच्या अंतरावर ठरतं. नाशिकमध्ये माझ्यापेक्षा कमी होईल, पण मुंबईला ट्रान्सफर असेल त्या दिवशी कसारा घाटात काय होईल सांगता येत नाही. पाळणाघर वेळेवर बंद होतं. तेव्हा मुलीला आणायला जाणारं दुसरं माणूस, आई, सासूबाई, शेजारीण, कुणीही, आधी पक्कं करा, त्यांचं नाव पाळणाघराच्या वहीत लिहून द्या आणि मगच राजीनाम्याचा कागद काढा. शक्य असेल तर पहिले सहा महिने दिवसपाळीच मागा. नवीन माणसाला गाडी समजून घ्यायची असते, त्यामुळे समजूतदार इन्चार्ज ती देतात.